सरकारचं कर्ज अर्थव्यवस्थेला जड जातंय का, हे आपलं आपण कसं तपासावं

माझी बरीचशी नोकरी एका बँकेच्या ट्रेझरीत सरकारी रोखे घेण्या-विकण्यात गेली. लिलावाच्या दिवशी सकाळी बोली ठरवायची, कोणत्या यील्डला (रोख्यावर मिळणाऱ्या परताव्याच्या दराला) किती रोखे उचलायचे ते भरायचं आणि कटऑफ, म्हणजे कुठपर्यंतच्या बोल्या स्वीकारल्या ते, जाहीर झालं की पदरात काय पडलं ते बघायचं. सरकारच्या वहीत जे कर्ज म्हणून लिहिलेलं असतं, तेच आमच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसायचं. म्हणून ‘जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर इतकं कर्ज’ असा मथळा दिसला की मला लगेच विचारावंसं वाटतं, त्या बाळाच्या आजोबांच्या पेन्शन फंडात आणि आईच्या विमा पॉलिसीमागे सरकारी रोखे किती आहेत? व्यवहाराची ती बाजू मथळ्यात कधीच येत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दरडोई कर्जाचा आकडा बाजूला ठेवा. त्यातून काहीच कळत नाही.

तूट आणि कर्ज हे ओझं असतं का, याचं सगळ्या देशांना आणि सगळ्या काळांना लागू पडेल असं उत्तर नाही. पण एखाद्या देशाचं, एखाद्या वर्षाचं उत्तर मात्र काढता येतं आणि त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. अर्थसंकल्पाचा गोषवारा, सरकारी कर्जाचं विवरण आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. मी ज्या क्रमाने बघते तोच इथे देते आहे.

कोणता आकडा धरायचा, हे आधी पटकन उरकून घेऊ. एकूण कर्ज भागिले जीडीपी, म्हणजे देशाचं वर्षभराचं एकूण उत्पन्न. केंद्र, राज्यं, प्रांत, पालिका सगळं धरलंय की फक्त केंद्राचं, हे तळटीपेत बघा. दोन देशांची तुलना करताना बहुतेक गोंधळ इथेच होतो. सरकारकडे मोठी आर्थिक मालमत्ता असेल तर ढोबळ कर्ज आणि ती मालमत्ता वजा करून उरणारं निव्वळ कर्ज यांत बरंच अंतर पडतं. जपानचं ढोबळ कर्ज दहाहून जास्त वर्षं जीडीपीच्या दुपटीपेक्षा अधिक आहे, निव्वळ मात्र त्याहून पुष्कळ कमी. इतकं पाहिलं की पुढे जा. खरा तपास आता सुरू होतो.

कर्ज कोणत्या चलनात आहे?

माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न हाच. ज्या चलनात देणं आहे ते चलन स्वतःची मध्यवर्ती बँक काढते का?

२०१० नंतरची काही वर्षं जपान आणि ग्रीस शेजारी ठेवून पाहा. जपानचं कर्ज टक्केवारीत कितीतरी जास्त, तरी दहा वर्षांच्या रोख्यांवर व्याज वर्षानुवर्षं एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. ग्रीसचं कर्ज त्याहून कमी, पण २०१२ मध्ये खासगी धनकोंना रोख्यांच्या दर्शनी किमतीतले निम्म्याहून अधिक पैसे सोडून द्यावे लागले. जपानचं देणं येनमध्ये होतं आणि येन बँक ऑफ जपान काढते. आज जपानी सरकारी रोख्यांपैकी निम्म्याच्या आसपास तिच्याकडेच आहेत. ग्रीसचं देणं युरोमध्ये होतं आणि युरो अथेन्समध्ये निघत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर जुलै २०१२ पाहा. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी लंडनमध्ये जाहीर केलं की युरो वाचवण्यासाठी बँक पडेल ते करेल. त्या दिवशी स्पेन आणि इटलीची तूट एका पैशानेही कमी झाली नव्हती. तरी त्यांच्या रोख्यांचे व्याजदर खाली येऊ लागले, आणि लगोलग बँकेने रोखेखरेदीचा कार्यक्रम जाहीर केला तरी तो कधी वापरावाच लागला नाही. रोख्यांच्या बाजारात बसलेल्या माणसाला तो क्षण विसरता येत नाही. कर्ज तेवढंच, देश तोच. पण आता ते बुडणार नाही अशी खात्री देणारा कुणीतरी पाठीशी उभा राहिला होता.

उलट बाजूला अर्जेंटिना. १९९१ च्या कायद्याने एक पेसो म्हणजे एक डॉलर असा दर बांधून टाकला आणि सरकारचं बहुतेक कर्ज डॉलरमध्ये झालं. २००१ मध्ये ते जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास होतं. फार भीतिदायक नाही असं वाटावं असाच आकडा. वर्षअखेरीस देश बुडाला, २००२ च्या जानेवारीत बांधलेला दर सुटला, पेसो कोसळला आणि नवीन एक डॉलरही न घेता तेच कर्ज जीडीपीच्या शंभर टक्क्यांच्या पार गेलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली तेव्हाही अडचण कोलंबोतल्या छापखान्याची नव्हती. डॉलरची गंगाजळी संपली होती.

म्हणून विवरणात ‘परकीय चलनातील कर्ज’ ही ओळ शोधा आणि तिच्याशेजारी परकीय गंगाजळीचा आकडा लिहून ठेवा. हे दोन आकडे एकमेकांजवळ नेऊन बघितले की निम्मं चित्र स्पष्ट होतं.

स्वतःचं चलन असलं म्हणजे सगळं माफ, असा मात्र याचा अर्थ नाही. रशियाने ऑगस्ट १९९८ मध्ये रुबलमधलेच अल्पमुदती रोखे फेडायला नकार दिला, कारण रुबलचा डॉलरशी दर धरून ठेवण्याचा आटापिटा चालला होता. आणि दर मोकळा असला तरी एक हद्द राहतेच: महागाई. सरकार पैसा काढू शकतं. डॉक्टर, वीज, पोलाद, गहू काढू शकत नाही. त्याकडे पुढे येतेच.

व्याजाचा दर आणि वाढीचा वेग

आता कॅल्क्युलेटर घ्या. देशाचं उत्पन्न १०० आणि कर्जही १०० धरा. कर्जावर सरासरी व्याज ३ टक्के, आणि महागाई धरून उत्पन्न वाढतंय ५ टक्क्यांनी. व्याज सोडून बाकी जमाखर्च बरोबरीत आहे, म्हणजे प्राथमिक तूट शून्य. वर्षाने कर्ज १०३, उत्पन्न १०५. भागाकार करा, ९८.१ टक्के. सरकारने एक पैसाही फेडला नाही, व्याजासाठी उलट नवीन कर्ज काढलं, तरी ओझं हलकं झालं. आता त्यात २ ची प्राथमिक तूट घाला: कर्ज १०५, उत्पन्न १०५, म्हणजे पुन्हा १०० टक्के. वर्तमानपत्रात बातमी येईल की तूट ५ टक्के आहे आणि देश कर्जात बुडतोय. गुणोत्तर मात्र जागचं हललेलं नसेल.

मग दर उलटे करा. व्याज ७, वाढ ४. जमाखर्च बरोबरीत असूनही कर्ज १०७, उत्पन्न १०४, गुणोत्तर १०२.९. नुसतं जागेवर राहायला दरवर्षी उत्पन्नाच्या ३ टक्के शिल्लक काढावी लागेल; म्हणजे लोकांकडून कर घ्यायचा आणि त्या बदल्यात शाळा, रस्ता, दवाखाना काहीच द्यायचं नाही. इटलीने हेच सोसलं. १९९० च्या दशकापासून २०१९ पर्यंत जवळजवळ दरवर्षी इटलीच्या सरकारची प्राथमिक शिल्लक होती. उधळपट्टीचा शिक्का बसलेला देश व्याज सोडलं तर खर्चापेक्षा जास्त कर गोळा करत होता! तरी कर्जाचं गुणोत्तर हटलं नाही, कारण वाढच नव्हती. इटलीला उधळ्या म्हणणाऱ्यांनी तो तक्ता एकदा तरी उघडावा, असं मला मनापासून वाटतं.

हा हिशोब करताना दोन गोष्टी सांभाळा. व्याज महागाईसकट धरलं असेल तर वाढही महागाईसकटच धरा. छापील व्याजदर आणि महागाई वजा केलेली वाढ यांची तुलना करून घाबरवणारे लेख पुष्कळ दिसतात. दुसरं म्हणजे आजच्या बाजारातलं यील्ड लावू नका. वर्षभरात दिलेलं एकूण व्याज भागिले आधीच्या वर्षअखेरीचं कर्ज, हा दर काढा. सरकार आज खरोखर मोजतंय तो दर तोच. आजचं यील्ड फक्त नव्या आणि मुदत संपून बदलल्या जाणाऱ्या रोख्यांना लागतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनचं कर्ज जीडीपीच्या अडीचपटीच्या आसपास होतं. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास आलं. ते कर्ज ढिगाने परत केलं गेलं असं नाही. अर्थव्यवस्था वाढली, किमती वाढल्या, व्याजदर दाबून ठेवले गेले आणि भाजकानेच काम केलं.

पण इथे मी रोखे धरणाऱ्याच्या बाजूने बोलणार आहे, कारण गोष्ट सांगणारे हा भाग गाळतात. ब्रिटनने पहिल्या महायुद्धासाठी ५ टक्क्यांचे युद्धरोखे विकले होते. १९३२ मध्ये ते साडेतीन टक्क्यांवर बदलून घेतले गेले. देशभक्ती म्हणून लोकांनी ते मान्यही केलं. मुद्दल कधी परत करायचं ते सरकारच्या मर्जीवर. १९७५ मध्ये तिथली महागाई २४ टक्क्यांवर गेली तेव्हाही त्या कागदावर साडेतीन टक्केच येत होते. शेवटी मार्च २०१५ मध्ये मुद्दल परत झालं, पौंडाला पौंड. पण १९३२ चा पौंड आणि २०१५ चा पौंड यांत काय उरलं होतं ते सांगायला नको. कर्जाचा भार सरकारवरून उतरला तो असा कुणाच्या तरी बचतीवर जाऊन बसला. म्हणून ‘ओझं आहे का’ याच्या जोडीला ‘असलं तर कुणावर’ हेही विचारायचं. बचतदारावर, करदात्यावर, बेकारावर की परदेशी धनकोवर?

फेडायचं कधी, आणि व्याजात किती जातं?

मुदत हा कंटाळवाणा वाटणारा तक्ता असतो. तो वगळू नका. कर्जाचा मोठा भाग वर्षभरात मुदत संपणाऱ्या ट्रेझरी बिलांमध्ये (अल्पमुदती सरकारी रोख्यांमध्ये) असेल तर व्याजदर वाढताच फटका थेट अर्थसंकल्पाला बसतो. सरासरी मुदत दहा-बारा वर्षं असेल तर सरकारला सावरायला वेळ मिळतो.

त्याच्या जोडीने सरकारच्या महसुलातले किती टक्के व्याजात जातात ते काढा. कर्ज जीडीपीच्या किती टक्के आहे यापेक्षा हा आकडा मला जास्त बोलका वाटतो, कारण अर्थमंत्र्याचा हात किती बांधलेला आहे ते इथे दिसतं. १९९० च्या दशकाच्या मध्याला कॅनडाच्या केंद्र सरकारच्या महसुलातला एक तृतीयांशाहून जास्त भाग व्याजात जात होता. कॅनडाचं चलन स्वतःचं, देश श्रीमंत. तरी १९९५ च्या अर्थसंकल्पात खर्चाला मोठी कात्री लावावी लागली. अमेरिकेत २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारचं निव्वळ व्याज संरक्षण खर्चाच्या पुढे गेलं. अमेरिका बुडणार असा याचा अर्थ नाही. डॉलर ती स्वतः काढते. पण त्या व्याजाचे पैसे जातात रोखे धरणाऱ्यांकडे, आणि रोखे सहसा ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे त्यांच्याकडे असतात. मला चिंता वाटते ती या वाटपाची.

बाजार बिथरतो कसा, तेही एकदा जवळून बघून ठेवा. २३ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटिश सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसे कुठून येणार ते सांगितलं नाही, आणि महागाई आधीच दहा टक्क्यांच्या जवळ होती. दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे भाव पडले. पेन्शन फंडांनी रोखे तारण ठेवून आणखी गुंतवणूक केलेली होती. भाव पडताच त्यांच्याकडे जादा मार्जिन, म्हणजे आणखी तारण, मागितलं गेलं, ते भरायला त्यांनी रोखेच विकले, त्यामुळे भाव आणखी पडले, की पुन्हा मार्जिन. डीलिंग रूममध्ये ज्याने हे चक्र थोडंसं जरी पाहिलंय त्याला त्यातला वेग कळेल. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंड खरेदीला उतरली तेव्हा ते थांबलं. आदल्या आठवड्यात आणि त्या आठवड्यात देशाचं एकूण कर्ज जवळपास तितकंच होतं. बदललं होतं ते इतकंच की चढत्या महागाईत आणखी मागणी ओतणार असं सरकार सांगत होतं.

रिकामे हात किती आहेत?

तुटीबद्दलचा सगळा वाद मला शेवटी इथे येऊन थांबताना दिसतो. तूट म्हणजे सरकारने जेवढं काढून घेतलं त्यापेक्षा जास्त दिलं. ते जास्तीचं कुठेतरी जातंच: देशातल्या घरांकडे आणि कंपन्यांकडे, नाहीतर परदेशाकडे. हा नुसता जमाखर्चाचा नियम आहे, यात मत नाही. मत सुरू होतं ते त्या खर्चाने काय हलवलं यावर.

कारखाने अर्ध्या क्षमतेने चालू आहेत, लोक कामाच्या शोधात आहेत आणि खासगी गुंतवणूक आखडलेली आहे, अशा वेळी सरकारने कर्ज काढून काम दिलं तर कुणाचंही काही हिरावलं जात नाही. अशा वेळी तूट बळजबरीने कमी केली तर काय होतं ते ग्रीसने दाखवलं. २००८ ते २०१३ मध्ये तिथली अर्थव्यवस्था सुमारे पाव भागाने आक्रसली. खर्च कापला, धनकोंनी पैसे सोडले, तरी कर्जाचं गुणोत्तर सुरुवातीपेक्षा वर गेलं, कारण ज्याने भागायचं तेच लहान झालं होतं.

सगळे हात कामाला लागलेले असतील तेव्हा हिशोब फिरतो. मग सरकारने उचललेलं पोलाद दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेलेलं असतं. एकतर किमती चढतात, नाहीतर व्याज चढून खासगी गुंतवणूक मागे हटते. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी मोटारींचं उत्पादनच बंद केलं गेलं आणि त्या कारखान्यांतून रणगाडे आणि विमानं निघू लागली. युद्धाचं खरं ओझं कुणी उचललं याचं उत्तर त्यात आहे. मोटार न मिळालेल्या, रेशनकार्डावर साखर घेणाऱ्या त्याच पिढीने. १९६० मधलं पोलाद १९४३ च्या रणगाड्यात घालता येत नाही. पुढच्या पिढीच्या वाट्याला कर्ज आलं, पण त्याचे रोखेही तिलाच वारशात मिळाले. फक्त कुणाला रोखे मिळाले आणि कुणाला नुसता कर, हा फरक राहिला. आणि धनको परदेशी असेल तर मात्र पुढच्या पिढीला खरोखरचा माल बाहेर पाठवावा लागतो. तिथे ओझं खरंच पुढे सरकतं.

सरकार म्हणजे मोठं कुटुंब, त्यानेही अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं सांगितलं जातं. कुटुंबाने खर्च कापला तर त्याचं उत्पन्न तेवढंच राहतं. सरकारने कापला तर त्याचं स्वतःचं करउत्पन्नही घसरतं, कारण त्याचा खर्च हेच कुणाचं तरी उत्पन्न असतं. ही तुलना चालत नाही ती एवढ्यासाठी.

पैसा कशावर गेला हेही बघाच. भांडवली खर्च वेगळा काढा. व्याज आणि चालू खर्च भागवायला काढलेलं कर्ज मागे काही ठेवत नाही. पूल, धरण, लसीकरण, शिक्षण ठेवतं. पण तूट कमी दिसतेय म्हणून टाळ्या वाजवण्याआधी दुरुस्तीचं काय झालं तेही विचारा. जर्मनीने २००९ मध्ये केंद्राची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांवर बांधणारी तरतूद राज्यघटनेत घातली. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या ए ४५ महामार्गावरचा राहमेडे पूल धोकादायक म्हणून अचानक बंद करावा लागला आणि मे २०२३ मध्ये स्फोट करून पाडला. त्या एका पुलाचा दोष त्या एका कलमाला देणार नाही. पण न केलेली दुरुस्ती हेही पुढच्या पिढीवरचं देणंच आहे आणि ते कुठल्याही कर्ज-विवरणात छापलं जात नाही. मार्च २०२५ मध्ये जर्मनीने ते कलम सैल केलं.

लाल रेषांवर विसंबू नका

‘६० टक्क्यांवर धोका’, ‘९० टक्क्यांवर वाढ खुंटते’ अशा रेषा दाखवल्या जातील. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात तूट ३ आणि कर्ज ६० टक्के अशा मर्यादा ठरल्या. वरचा हिशोब पुन्हा मांडा: ५ टक्के वाढीला ३ टक्के तूट सतत ठेवली तर कर्ज ६० च्या जवळपास स्थिरावतं. म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात ते ५ टक्के वाढ गृहीत धरून. वाढ बदलली की जुळणी गेली. ९० च्या रेषेचं मूळ राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या निबंधात आहे. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या तिघांनी त्यांची स्प्रेडशीट तपासली, तर सरासरीत पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहून गेल्या होत्या. काही वर्षं वगळलेली होती, भारांकनही, म्हणजे सरासरीत कुणाला किती वजन द्यायचं तेही, विचित्र होतं. दुरुस्तीनंतर ९० च्या वरच्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ वरून अधिक २.२ टक्के झाली. मधल्या काळात त्या आकड्याचा हवाला देऊन लोकांच्या पेन्शनी कापल्या गेल्या होत्या, याचा मला अजूनही राग येतो.

कमी कर्जाने निर्धास्त होऊ नये, हेही तितकंच खरं. २००७ मध्ये आयर्लंडचं कर्ज जीडीपीच्या पाव भागाइतकंच होतं आणि आदल्या वर्षी अर्थसंकल्पात शिल्लक होती. वर सांगितलेल्या बहुतेक तपासण्यांत तो देश उत्तम गुणांनी पास झाला असता. मात्र तिथल्या बँकांनी घरबांधणीवर प्रचंड कर्जं वाटली होती, आणि सप्टेंबर २००८ च्या अखेरीस सरकारने त्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली. २०१० सालची तूट जीडीपीच्या सुमारे ३२ टक्के निघाली. २०१२ पर्यंत कर्ज १२० टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणून सरकारी विवरणाचं काम संपलं की आणखी दोन कागद काढा. एक, सरकारने दिलेल्या हमींचं परिशिष्ट. दुसरा, मध्यवर्ती बँकेच्या वित्तीय स्थैर्य अहवालातला खासगी कर्जाचा तक्ता. घरांवर आणि कंपन्यांवर किती कर्ज आहे, ते गेल्या पाच वर्षांत उत्पन्नापेक्षा किती वेगाने वाढलं आणि त्यातलं किती जमीनजुमल्यावर आहे, एवढं टिपून घ्या.